अंगठा वर होण्याआधी

मित्रांनो, मी एक जुनी पिन आहे. पिन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कागदाला टोचायची टाचणी आली असेल, तर ती आधी काढून टाका. मी अस्सल पोलादाची आहे. तुमच्या मधल्या बोटाएवढी लांब आणि करंगळीएवढी जाड. माझ्या डोक्याला एक कडी आहे आणि त्या कडीत पूर्वी हातभर लांबीची लाल पट्टी असायची. आता पट्टी नाही. शिवाय मी कमरेत वाकले आहे, त्यामुळे ज्या भोकासाठी माझा जन्म झाला त्यात आता मी शिरत नाही. एका टेबलाच्या खणात, रबरी शिक्के आणि जुन्या चाव्या यांच्या शेजारी माझा मुक्काम असतो.

माझा स्वभाव घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. कोणी म्हणेल, पोलादाला कसली आली आहे भीती! पण माझं कामच तसं होतं. जगातल्या बहुतेक वस्तूंना जागेवर बसून राहायचं असतं. स्क्रू पिळला की तो सुटला. खिळा ठोकला की तो निवांत. माझं काम मात्र वेळेवर बाहेर निघण्याचं. मी जागेवरच राहिले तर माणूस जिवाला मुकतो. आता तुम्हीच सांगा, असल्या नोकरीत कोणाला झोप लागेल?

माझा जन्म एका विमानतळाच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये झाला. तेव्हा मोठं युद्ध चालू होतं. लेथवर बसलेल्या टर्नरने एकाच सळईतून आम्हा तिघी बहिणींना कातून काढलं. सळईचा शेवटचा तुकडा माझ्या वाट्याला आला, म्हणून मी जरा आखूड. "उरल्यासुरल्याची झाली, पण बरी झाली," असं म्हणून त्याने मला तेलात टाकलं. आमची नावं ठेवली मिस्त्रींनी. थोरली, मधली आणि मी धाकटी.

मिस्त्री म्हणजे ज्या लढाऊ विमानाची आम्ही होतो, त्याची देखभाल करणारा माणूस. विमान जमिनीवर उभं असलं की वाऱ्याने त्याच्या पंखांच्या आणि शेपटीच्या झडपा फडफडतात. झडपांना बांधलेल्या तारा त्यामुळे सैल होतात, तुटतातसुद्धा. म्हणून विमान उतरलं की मिस्त्री आम्हा तिघींना तीन भोकांत बसवायचे. आम्ही आत गेलो की झडपा गप्प. आणि उड्डाणाची वेळ झाली की मिस्त्री आम्हाला उपसून काढायचे, विमानाच्या नाकासमोर उभे राहायचे आणि हात उंच करून एकेक पिन दाखवायचे. एक. दोन. तीन. आत बसलेला वैमानिक ते मोजायचा आणि अंगठा वर करायचा. अंगठा वर झाल्याशिवाय विमान हलायचं नाही. लाल पट्टी असायची ती त्यासाठीच. आम्ही आत राहून गेलो तर लांबूनसुद्धा दिसलं पाहिजे.

आमच्या विमानाच्या वैमानिकाला सगळे घार म्हणत. वय असेल तेवीस-चोवीस. मिशी अजून धड आलेली नव्हती, पण डोळे असे की विचारू नका. आभाळात माशीएवढा ठिपका उमटला की घार म्हणायचा, "ते आले." बाकीच्यांना तो ठिपका दिसायला आणखी अर्धं मिनिट लागायचं. त्या अर्ध्या मिनिटाने त्याच्या तुकडीतली किती पोरं जिवंत घरी आणली, याची मोजदाद नाही. त्याला आपल्या डोळ्यांचा गर्व होता. का नसावा?

तुम्हाला वाटेल, मीही त्याच्याबरोबर आभाळात भटकले असेन. छे! मी आयुष्यात एकदाही उडाले नाही. विमान वर जायचं आणि आम्ही तिघी मिस्त्रींच्या खिशात खालीच. खिशात तंबाखूचा आणि ग्रीसचा वास असायचा. मिस्त्री एका पिंपावर बसून राहायचे आणि खिशातल्या खिशात आमच्या पट्ट्या बोटाला गुंडाळत राहायचे. गुंडाळायचे, सोडायचे, पुन्हा गुंडाळायचे. त्या बोटाचा वेग वाढला की मी समजायचे, उशीर झाला आहे. कधी तास जायचा, कधी दोन. मग लांबून घरघर ऐकू यायची आणि ते बोट थांबायचं. माझं सगळं तरुणपण त्या बोटाकडे लक्ष ठेवण्यात गेलं.

एकदा पहाटे भोंगा वाजला. सगळी धावपळ उडाली. घारीचा जिवलग दोस्त होता, बडबड्या म्हणायचे त्याला. त्याचं विमान शेजारीच उभं असायचं. त्या गडबडीत त्याच्या मिस्त्रीने पिना काढल्या आणि हात वर करून एकदम दाखवल्या. बडबड्याने मोजल्या नाहीत. "चल चल," म्हणत अंगठा वर केला आणि विमान सोडलं. शेपटीतली एक पिन आतच होती. धावपट्टी संपेपर्यंत विमान नाक वर उचलायला तयार होईना. पुढे कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे झाडं होती. बस, तेवढंच. ती पिन आमच्यापैकी नव्हती, पण आमच्याच जातीची होती. त्या दिवसापासून मला जी धास्ती बसली ती आजतागायत उठलेली नाही.

घार त्यानंतर बदलला. तो मोठ्याने मोजू लागला. एकदा तर धावपट्टीवरच बॉम्ब पडायला लागले होते. माती उडून मिस्त्रींच्या डोक्यावर येत होती. त्यांनी थोरली दाखवली, मधली दाखवली, आणि मला वर करण्याआधीच ते खाली वाकले.

"तिसरी!" घार ओरडला.

"साहेब, बॉम्ब पडताहेत!"

"पडू द्या. तिसरी दाखवा आधी."

मिस्त्रींनी मला उंच धरलं, तेव्हा कुठे अंगठा वर झाला. मित्रांनो, त्या क्षणी मला इतकं सुरक्षित वाटलं की काय सांगू! खाली आग होती, वर शत्रू होता आणि मी मात्र निर्धास्त. कोणीतरी मला मोजत होतं.

युद्ध संपलं. विमानं भंगारात गेली. आमचंही विमान तोडलं, तेव्हा मिस्त्री आम्हाला खिशात धरून उभे होते. घार जवळ आला आणि म्हणाला, "पिना तेवढ्या ठेवा." झालं. आमची वरात त्याच्या पिशवीतून त्याच्या घरी गेली.

घरी आल्यावर घारीला करमेना. आभाळ गेलं आणि हाताला काम नाही. दिवसभर खिडकीत बसून उगाच ढगांकडे बघायचा. त्याचं लग्न नुकतंच झालेलं. बायको तोंडाची फटकळ पण मनाची खमकी. एके दिवशी ती म्हणाली, "अहो, विमानातून उतरून सहा महिने झाले. आता जमिनीवरसुद्धा उतरा की." दुसऱ्याच दिवशी तो मिस्त्रींना शोधायला बाहेर पडला.

दोघांनी लाकडाची एक रिकामी वखार घेतली आणि भंगारातल्या विमानाच्या सुट्या भागांतून माल वाहायची एक छोटी मोटारगाडी बनवली. लहानशी चार चाकांची, मागे माल ठेवायला हौदा, पुढे बाहेर आलेले दोन गोल दिवे. बायकोने ती पाहिली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगं बाई, हा तर बेडूक!" तेच नाव पडलं. पुढे बेडूक गाड्या गल्लीबोळांत दिसू लागल्या. कोणी त्यातून दूध नेई, कोणी विटा, कोणी खुर्च्या. घारीला आता सगळे साहेब म्हणू लागले, म्हणून मीही तसंच म्हणते.

साहेबांना एकच तंत्र ठाऊक होतं, विमानाचं. म्हणून बेडकाचे ब्रेकही त्यांनी तारांचे केले. मागच्या दोन चाकांच्या तारा गाडीच्या पोटाखालच्या एका आडव्या दांडीला बांधलेल्या असत. दोन्ही तारा सारख्या ताणायच्या, तर ती दांडी आधी मधोमध पक्की धरावी लागे. ते काम माझ्याकडे आलं. थोरली सुकाणूच्या दांडीत बसायची आणि मधली पुढच्या ब्रेकच्या पेडलाशी. तारा ताणून झाल्या की आम्हाला काढायचं.

आणि मी आतच राहिले तर? हे नीट ऐका. थोरली राहिली तर चाक वळणारच नाही, मधली राहिली तर पेडल दबणारच नाही, म्हणजे चूक दारातच कळेल. पण मी राहिले तर पुढचे ब्रेक लागतील आणि मागचे लागणार नाहीत. सपाट रस्त्यावर रिकाम्या गाडीत हे कोणाला जाणवणारही नाही. भरलेली गाडी उताराला लागली की मग कळेल, आणि तेव्हा फार उशीर झालेला असेल. तिघींत मी सगळ्यांत धाकटी आणि सगळ्यांत घातकी, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

साहेबांनाही माहीत होतं. म्हणून त्यांनी विमानतळाचा नियम वखारीत आणला. गाडी तयार झाली की साहेब स्वतः चालवायच्या जागेवर बसायचे. मिस्त्री समोर उभे राहून एकेक पिन दाखवायचे. एक. दोन. तीन. मग अंगठा, मग किल्ली. नवीन कामगार सुरुवातीला हसायचे, पण मिस्त्रींनी एक नजर टाकली की हसणं घशात जायचं.

वर्षं गेली. वखारीचा कारखाना झाला. चाळीस माणसं कामाला आली. साहेबांची मुलगी मोठी झाली. सगळे तिला ताई म्हणत. ती बापासारखीच धीट आणि आईसारखीच फटकळ. तयार झालेली प्रत्येक गाडी वाळूची पोती भरून टेकडीच्या उतारावरून नदीच्या पुलापर्यंत न्यायची आणि परत आणायची, हे काम तिने हट्टाने मागून घेतलं होतं. त्यामुळे चालवायच्या जागेवर आता ताई बसायची आणि साहेब वरच्या मजल्यावर ऑफिसच्या सज्जात उभे राहायचे. मिस्त्रींचा गुडघा दुखायला लागला होता. वेळ वाचावा म्हणून ते आता एकेक न दाखवता तिन्ही पिना एका मुठीत धरून वर करायचे. सज्जातून अंगठा दिसायचा. गाडी जायची. बघा, नियम मोडला कोणीच नव्हता. तो फक्त हळूहळू लांब गेला होता.

आणि साहेबांचे डोळे जात होते.

हे मला कसं कळलं? आम्ही तिघी कामाच्या जागेवर एका लाकडी फळीवर खिळ्यांना टांगलेल्या असायचो. तिथून सगळं दिसायचं. एकदा साहेब खाली आले आणि भिंतीशी उभ्या करून ठेवलेल्या पोत्यावर जोरात खेकसले, "काय रे, दहा मिनिटं बघतोय, नुसता उभा! कामं संपली का?" क्षणभर कोणाला काही समजेना, मग जो हशा पिकला! साहेबांनी पोत्याला दम भरला, पोत्याला! ताई तर पोट धरून हसली. साहेबही हसले. "तुम्ही जागे आहात का बघत होतो," म्हणाले. पण वळून जाताना त्यांचा हात जिन्याचा कठडा चाचपत होता. तो मी पाहिला.

साहेबांच्या बायकोला आता सगळे वहिनी म्हणत. त्या रोज दुपारी डबा घेऊन यायच्या. त्यांच्या नजरेतून काय सुटणार! एकदा साहेबांनी चहा कपाबाहेर ओतला, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "अहो, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला."

"घारीला चष्मा? लोक हसतील."

"हसू देत की. चष्मा लावलेली घार बघायला लोक तिकीट काढून येतील."

साहेब हसले आणि विषय तिथेच बुडाला. पेपर ते ताईकडून वाचून घेऊ लागले. "तुझा आवाज ऐकला की बरं वाटतं," म्हणायचे. तिला ते प्रेम वाटायचं. प्रेम होतंच, पण त्याच्या आड दुसरंही काही होतं.

एके दिवशी मिस्त्रींनी अजून हात वर केला नव्हता. आम्ही तिघी त्यांच्या काखेत होतो, ते हात पुसत होते. आणि सज्जातला अंगठा वर झाला. मिस्त्री म्हणाले, "आज साहेबांना घाई दिसते." मित्रांनो, मला ओरडावंसं वाटलं. अहो, घाई नव्हे, त्यांना दिसत नाही! ते अंदाजाने अंगठा दाखवताहेत! पण पिनेला तोंड नसतं. मी मिस्त्रींच्या काखेत गार पडले.

त्यानंतर माझा एक दिवस सुखाचा गेला नाही. अशातच माझी पट्टी ड्रिलमध्ये अडकून फाटली. "उद्या नवीन शिवून घेतो," मिस्त्री म्हणाले. कामाचा रेटा असा होता की तो उद्या तीन आठवडे आलाच नाही. मी नागड्या कडीची, काळी, तेलकट. गाडीच्या पोटाखाली मला शोधायचं म्हणजे कोळशात कावळा शोधण्यासारखं.

तो दिवस उजाडला. दूधवाल्यांच्या बारा गाड्यांपैकी शेवटची तयार होत होती. मिस्त्री गाडीखाली पाठीवर आडवे होते. तारा ताणून झाल्या. त्यांनी थोरली काढली, मधली काढली, आणि माझ्याकडे हात घातला. माझ्या कडीला त्यांचं बोट लागलंसुद्धा. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "मिस्त्री, रंगाऱ्याची शिडी घसरली!" ते बोट गेलं. रंगारी बापडा धडधाकट होता, नुसता हिरव्या रंगात न्हाऊन निघाला होता. त्याला उठवून, चार शिव्या घालून मिस्त्री परत आले ते हसतच. गुडघा धरून पुन्हा खाली वाकायचं त्यांच्या मनातही आलं नाही. बाकावर दोन लाल पट्ट्या एकमेकींत गुंतून पडल्या होत्या. त्यांनी तो गुंता उचलला आणि मूठ उंच केली.

बघा ना मूठ! बघा ना मिस्त्री, स्वतःच्याच हाताकडे बघा! पण मिस्त्री बघत होते सज्जाकडे. साहेबांनी मोजलं की झालं, असा तीस वर्षांचा भरवसा. आणि साहेबांना वाटलं, मिस्त्री दाखवताहेत म्हणजे तीनच असणार. अंगठा वर झाला. ताईने किल्ली फिरवली.

भोकात बसल्या बसल्या मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच प्रवासाला निघाले आणि तो असा.

फाटकापाशी ताईने ब्रेक दाबला. गाडी थांबली. पुढच्या चाकांनी थांबवली. तिला काही वाटलं नाही. मग सपाट रस्ता. माझ्या दोन्ही बाजूंना ताणलेल्या तारा होत्या आणि मी मधे मुकाट. ताई वर गुणगुणत होती. दर खड्ड्याला मी मनात म्हणायचे, इथे तरी निसटून पडू दे मला. पण टर्नरने मला फार नेटकं कातलं होतं.

उतार लागला. हौद्यात वाळूची अठरा पोती होती. ताईने पेडल दाबलं आणि माझ्यावर दोन्हीकडून जोर आला. दांडी हलू बघत होती आणि मी तिला हलू देत नव्हते. तीच तर माझी शिकवण! गाडीचा मागचा भाग पुढच्याला ढकलू लागला. जळक्या रबराचा वास आला. ताईचं गुणगुणणं थांबलं. "अरे!" एवढंच ती म्हणाली. तिने गिअर खाली आणला, इंजिन किंचाळलं, गाडी तिरकी झाली. समोर वळण आणि वळणानंतर पूल. पुलावर माणसं चालत होती.

"बाजूला व्हा! बाजूला व्हा!" ती खिडकीतून ओरडत होती. मी जीव खाऊन वाकायचा प्रयत्न करत होते. वाकले की दांडी हलेल, दांडी हलली की तारा ओढल्या जातील. पण पोलाद असं मनात आलं म्हणून वाकत नाही. वळणावर रस्तादुरुस्तीसाठी टाकलेला खडीचा ढीग होता. ताईने सुकाणू मोडेल इतकं वळवलं आणि गाडी त्या ढिगात घुसवली. एक दणका बसला. त्या दणक्याने मी वाकले. आता वाकून काय उपयोग होता?

खडी फोडणाऱ्या बायका धावत आल्या. एकीने ताईला बाहेर ओढलं. "अगं पोरी, लागलं का गं? बघू कपाळ." कपाळातून रक्त येत होतं. ताईने पाण्याचा घोट घेतला आणि लगेच गाडीखाली शिरली. अंधारात चाचपत तिचा हात माझ्यापर्यंत आला. मी सहज निघेना. दगडाने ठोकून ठोकून तिने मला काढलं आणि उजेडात धरलं.

"हिला काढलंच नव्हतं," ती म्हणाली. मग खडीवर बसली. "मिस्त्रीकाका एक वेळ विसरतील. गुडघा दुखतो त्यांचा. पण बाबा? बाबा मोजतात ना! मी स्वतः पाहिला त्यांचा अंगठा." त्या बायकांना त्यातलं काय कळणार! त्या नुसत्या मान हलवत होत्या. मग ताईच्या तोंडून एकच शब्द आला. "पोतं."

इकडे कारखान्यात काय झालं ते मला थोरलीने नंतर सांगितलं. मिस्त्री दोघींना फळीवर टांगायला गेले. एक खिळा भरला, दुसरा भरला, आणि तिसऱ्यापाशी हात थांबला. "धाकटी कुठाय?" ते म्हणाले. मग दुखरा गुडघा विसरून जिना चढले. दोन माणसं सायकलींवर उताराकडे पिटाळली. साहेब सज्जात कठडा धरून उभे होते. मिस्त्री त्यांच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी आहे, साहेब. तीस वर्षांतली पहिली. आणि तीही नेमकी आपल्या पोरीच्या जिवावर."

साहेब काही बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं, मित्रांनो. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य म्हणजे घारीने आपली मान आपल्या हाताने कापणं. मिस्त्री खाली आले. त्यांनी ॲप्रन काढला, घडी घातली आणि फळीखालच्या बाकावर ठेवला. "पोर नीट आली एवढं बघतो आणि निघतो," ते कामगारांना म्हणाले. सगळ्यांनी ती घडी पाहिली. एका साहेबांना तेवढी दिसली नाही.

विटांच्या टेम्पोतून ताई फाटकाशी उतरली. मी तिच्या मुठीत होते. चाळीस माणसांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मिस्त्री हात जोडून पुढे झाले, पण तिने त्यांच्या खांद्यावर फक्त हात ठेवला आणि त्यांना ओलांडून पुढे गेली.

"आली का? अरे, ताई आली का? कोणीतरी बोला!" साहेब सज्जातून विचारत होते. आणि ती भर उजेडात, त्यांच्या नजरेसमोर उभी होती.

मिस्त्री रोज जिथे उभे राहायचे, तिथे ताई उभी राहिली. तिने हात उंच केला.

"बाबा, मोजा."

यंत्रं केव्हाच थांबली होती. साहेबांचा उजवा हात सवयीने वर यायला लागला. अर्ध्यावर आला. त्या अर्ध्या अंगठ्याइतकं भयंकर मी युद्धातही काही पाहिलं नव्हतं. आता हा माणूस पुन्हा खोटं बोलणार, असं वाटून मी तिच्या मुठीत घामेजले. मग तो हात खाली गेला.

"दिसत नाही गं, पोरी," साहेब म्हणाले. चाळीस माणसांपुढे म्हणाले. "तिथे कोणीतरी उभं आहे, एवढंच दिसतं. हातात काय आहे ते दिसत नाही. दोन वर्षं झाली."

साहेब एकेक पायरी पायाने चाचपत जिना उतरले. खाली येऊन त्यांनी मिस्त्री कुठे असतील याचा अंदाज घेतला.

"मिस्त्री, कुठे आहात?"

"इथे आहे, साहेब."

"तुमच्या मुठीत दोन होत्या. तुम्ही दोन दाखवल्या असत्या काय, दहा दाखवल्या असत्या काय, मी अंगठा वर करणारच होतो. तुमचा भरवसा माझ्या डोळ्यांवर आणि माझा तुमच्या हातावर. मधल्या मधे ही पोर होती." ते एक पाऊल पुढे सरकले. "आणि मघाशी तुम्ही चूक माझी म्हणालात, तेव्हा मी गप्प बसलो. ती दुसरी चूक. ती पहिलीपेक्षा वाईट."

"मेले असते मी, बाबा," ताई म्हणाली. आता ती रडत होती.

"हो," साहेब म्हणाले. आणि त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि जखम कुठे आहे ते बोटांनी शोधू लागले.

त्यानंतर साहेबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. एक डोळा बरा झाला, दुसरा अधूच राहिला. जाड भिंगांचा चष्मा आला आणि वहिनींनी म्हटलं होतं तसं तिकीट काढून मात्र कोणी आलं नाही. मिस्त्रींनी ॲप्रन परत घातला, पण कितीतरी दिवस ते रात्री दचकून उठत, असं वहिनींना सांगत होते. पिना आता ताई मोजते, गाडीच्या शेजारी उभी राहून, बोट लावून. माझ्या जागी नवी धाकटी आली आहे, लालभडक पट्टीची. तिला अजून कसलीच भीती ठाऊक नाही. मी खणात पडल्या पडल्या इंजिनाचा आवाज ऐकते आणि दर वेळी जीव मुठीत धरून मनात मोजते. माझी ही सवय आता जायची नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या लहानसहान वस्तूंकडे नीट लक्ष द्या. फाटलेली पट्टी उद्यावर टाकू नका. आणि कोणी तुम्हाला काही दाखवलं आणि ते तुम्हाला दिसलं नाही, तर "दिसलं नाही" असं खुशाल म्हणा. फार तर लोक हसतील. हसू देत. त्या दिवशी ताईला वाचवलं ते रस्तादुरुस्तीवाल्यांनी योगायोगाने टाकलेल्या दगडांनी, आमच्यापैकी कोणी नाही. खडीचा ढीग प्रत्येक वळणावर नसतो.